शिक्षणाधिकाऱ्यांचे मूल्यमापन : बारामती व इंदापूर तालुके (पुणे जिल्हा)

शालेय शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या कामाचे मोजमाप करण्याची पद्धती व तीत लोकांना असलेले स्थान. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेचा शिक्षणाधिकारी, तालुक्याचा गटशिक्षणाधिकारी आणि त्याच्या हाताखालील विस्तार अधिकारी व केंद्रप्रमुख अशी ही उतरंड आहे. शाळा तपासण्याचा अधिकार या सर्वांना असतो. मात्र तपासणाऱ्याची तपासणी कोणी करावयाची व तिचा निष्कर्ष कोणाला कळू द्यावयाचा, हा प्रश्न गेली सुमारे पावणेदोनशे वर्षे निरनिराळ्या रूपांत पुढे येत राहिला आहे. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या इतिहासात त्याचे बहुतेक सर्व टप्पे पाहावयास मिळतात. बारामती हे कऱ्हा नदीकाठचे गाव एकोणिसाव्या शतकात भीमथडी तालुक्यात मोडत असे. इंदापूर तालुका भीमा व नीरा या नद्यांच्या दुआबात वसलेला आहे. दोन्ही प्रदेश अवर्षणप्रवण असून कालव्याच्या पाण्याखालील पट्टा व त्याबाहेरचा जिरायत भाग यांत मोठी तफावत आहे, आणि शाळांच्या इतिहासातही ही तफावत उमटलेली दिसते.

पेशवाईअखेरपर्यंत गावोगाव चालणाऱ्या पंतोजींच्या शाळांवर सरकारी देखरेख नव्हती. पंतोजीचे उत्पन्न पालकांनी दिलेल्या धान्यावर व वर्गणीवर अवलंबून असल्यामुळे त्याच्या कामाची पारख पालकच करीत. मुलाला हिशेब व मोडी वाचन येईना, तर पालक मुलास काढून घेत. ही पारख उघड होती, पण ती ज्यांची मुले शाळेत जात त्यांच्यापुरतीच होती. शेतकरी, बलुतेदार व अस्पृश्य मानलेल्या जातींना तीत स्थान नव्हते. त्यामुळे जुन्या व्यवस्थेस लोकाभिमुख म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे.

इंग्रजी अमलात माउंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टनच्या काळापासून सरकारी खर्चाने मराठी शाळा निघू लागल्या. १८४० मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण मंडळ स्थापन झाले व त्यानंतर लवकरच इलाख्याचे शैक्षणिक विभाग पाडून प्रत्येक विभागावर यूरोपीय तपासनीस व त्याच्या मदतीस देशी अधिकारी नेमण्याची पद्धत सुरू झाली. बाळशास्त्री जांभेकर यांनी मराठी शाळांच्या तपासणीचे काम केले ते याच काळात. सुपरिंटेंडेंट ही संज्ञा मराठी मुलखात तेव्हापासून रुळली. मंडळाचे वार्षिक अहवाल छापले जात आणि त्यांत शाळांची संख्या, पट व परीक्षांचे निकाल दिलेले असत. परंतु अधिकारी कसा आहे, याविषयीचे मत वरिष्ठांच्या पत्रव्यवहारात राही. शाळेविषयीची माहिती छापावयाची आणि अधिकाऱ्याविषयीची बंद ठेवावयाची, ही विभागणी येथे प्रथम झाली व पुढे कायदे बदलले तरी ती टिकून राहिली. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये स्वतंत्र शिक्षण खाते निर्माण झाले. त्यात संचालक, विभागीय तपासनीस व जिल्ह्यांसाठी उपतपासनीस अशी रचना झाली. ग्रामीण भाषेत या उपतपासनिसास ‘डेप्युटी’ म्हणत. त्याच्या येण्याची वर्दी आगाऊ मिळे, शाळा सारवली जाई, एरवी रानात असणारी मुले त्या दिवसापुरती आणून बसविली जात, आणि जाताना तो शाळेच्या शेरेबुकात आपला अभिप्राय लिही. हे शेरेबुक शाळेतच राहत असल्याने, ज्याला वाचता येत होते त्याला ते पाहता येणे निदान तत्त्वतः शक्य होते. डेप्युटीविषयी लिहिलेला शेरा मात्र गावाच्या दृष्टीस कधीच पडत नसे.

या व्यवस्थेचा खर्च कोण देत होते, हे पाहिल्याशिवाय प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येत नाही. १८६३ पासून मुंबई इलाख्यात जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर घेण्यात येऊ लागला व त्याचा एक-तृतीयांश हिस्सा शिक्षणासाठी राखण्यात आला. १८६९ च्या कायद्याने त्यास वैधानिक आधार मिळाला. इंदापूर हा तालुका महसूल पाहणीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. प्रिंगलची पाहणी फसल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास येथेच नवी पाहणी केली आणि तीस वर्षांच्या मुदतीचा सारा ठरविण्याची पद्धत येथून इलाखाभर गेली. ही मुदत संपल्यावर फेरपाहणीत सारा वाढला. उपकर साऱ्याच्या प्रमाणात असल्यामुळे तोही वाढला. म्हणजे इंदापूरचा कुणबी, त्याचा मुलगा शाळेत जात असो वा नसो, शाळेसाठी पैसे देत होता. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला व तो आसपासच्या तालुक्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. जे कागद आपल्याला वाचता येत नाहीत तेच आपली जमीन नेतात, ही जाणीव त्यामागे होती. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात रोखा नोंदवताना तो शेतकऱ्यास समजावून सांगण्याची तरतूद करावी लागली. शिक्षण उपकर भरूनही शेतकरी निरक्षर राहिला, याचा याहून ठळक पुरावा सरकारी कागदपत्रांत क्वचितच सापडेल.

शिक्षण खात्याच्या कारभाराची जाहीर चिकित्सा करणाऱ्यांत जोतीराव फुले अग्रभागी होते. ‘विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी’ या १८६९ च्या पवाड्यात त्यांनी खात्यातील शिक्षकांच्या पक्षपाती वर्तनावर टीका केली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी तपासणीच्या यंत्रणेवर स्वतंत्रपणे बोट ठेवले. प्राथमिक शाळांवरील देखरेख सदोष व अपुरी असून उपतपासनिसाच्या वर्षातून एकदा होणाऱ्या भेटीचा फारसा उपयोग नाही. तपासणी निदान तिमाही व्हावी, आणि काही भेटी आगाऊ न कळविता द्याव्यात. महसूल वा गावकामगार यांच्याकडून होणारी पाहणी वरवरची असते, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. त्यांचा आक्षेप खात्याच्या उद्दिष्टांवर होता तसाच पद्धतीवरही होता. न कळविता भेट द्यावी, ही सूचना दिसावयास लहान आहे. परंतु वर्दी देऊन झालेल्या तपासणीत शाळेचे खरे रूप जसे झाकले जाते तसेच तपासनिसाचे कामही झाकले जाते, हे त्यामागील मर्म होय. पुरंदर तालुक्याशी फुल्यांच्या घराण्याचा संबंध असल्याने भीमथडी व इंदापूरच्या शेतकऱ्याची स्थिती त्यांना ऐकीव नव्हती.

हंटर आयोगाच्या शिफारशींनंतर १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे स्थापन झाली आणि प्राथमिक शाळांचा खर्च त्यांच्याकडे आला. तपासणी मात्र खात्याकडेच राहिली. बारामती व इंदापूर येथे १८६५ पासून नगरपालिका होत्या. शाळागृहे व शिपाई यांबाबत नागरी प्रतिनिधींना बोलता येई, पण शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्याबाबत नाही. हा भेद मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा हा होय. रँग्लर र. पु. परांजपे शिक्षणमंत्री असताना आखलेल्या या कायद्याने प्राथमिक शिक्षणाचे नियंत्रण स्थानिक संस्थांच्या शाळा मंडळांकडे सोपविले व शाळांचा प्रशासक अधिकारी त्यांच्या हाती दिला. कायदा झाला त्याच वर्षी देशात शासकीय गुपितांचा कायदाही झाला, हा योगायोग असला तरी बोलका आहे. एका हाताने शाळा लोकप्रतिनिधींकडे दिल्या जात होत्या आणि दुसऱ्या हाताने सरकारी कागद अधिक घट्ट मिटले जात होते.

शाळा मंडळांचा अनुभव संमिश्र होता. अधिकाऱ्यास जाब विचारणारी सभा प्रथमच अस्तित्वात आली. शाळा कोणत्या वाडीस द्यावयाची, यावर उघड वाद होऊ लागले. त्याचबरोबर शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या हे गटबाजीचे साधन बनले. जो अधिकारी बहुमताच्या मर्जीतील तो चांगला, अशी कसोटी अनेक ठिकाणी चालू लागली. १९३८ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून प्रशासक अधिकारी सरकारी नोकर केला व तपासणी पुन्हा सरकारकडे घेतली. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने हीच दिशा कायम ठेवली. या माघारीस केवळ नोकरशाहीची सत्तालालसा म्हणता येत नाही. उघड मूल्यमापन आणि मनमानी मूल्यमापन यांतील सीमारेषा मंडळांना आखता आली नाही, हे तितकेच खरे. तथापि या मंडळांच्या काळाने बारामती परिसरास सार्वजनिक प्रश्नोत्तराची सवय लावली. १९३८ मध्ये काटेवाडीच्या शारदाबाई गोविंदराव पवार पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. ज्या काळात शाळा तपासणारा, शाळा चालविणारा व शाळेविषयी सभेत बोलणारा हे सर्व पुरुषच असत, त्या काळात एका ग्रामीण स्त्रीने बोर्डाच्या सभेत बसणे ही घटना तालुक्याच्या शैक्षणिक इतिहासात नोंदण्याजोगी आहे.

जिल्हा परिषदेचा काळ : बलवंतराय मेहता समिती (१९५७) व वसंतराव नाईक समिती (१९६१) यांच्या शिफारशींनंतर महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ संमत होऊन १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यान्वित झाल्या. प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले. परिषदेच्या शिक्षण समितीचा सभापती लोकनियुक्त, तर सचिव शिक्षणाधिकारी, अशी रचना झाली. शिक्षणाधिकारी राज्य शासनाचा नोकर राहिला, त्याची नेमणूक व बदली शासनाने करावयाची, आणि तो काम मात्र परिषदेसाठी करणार, असे दुहेरी नाते त्यातून निर्माण झाले. सदस्य त्याला सभेत प्रश्न विचारू शकत, ठराव करून नापसंती दाखवू शकत. परंतु त्याच्या कामाचा वार्षिक अहवाल मुख्य कार्यकारी अधिकारी लिही व त्याचे पुनर्विलोकन वरिष्ठ पातळीवर होई. या अहवालास दीर्घकाळ ‘गोपनीय अहवाल’ म्हणत. पुढे ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ हे नाव रूढ झाले. त्यात अधिकाऱ्याचे स्वयंमूल्यमापन, प्रतिवेदन अधिकाऱ्याचे मत, पुनर्विलोकन व अखेरची प्रतवारी असे भाग असतात. पालक वा लोकप्रतिनिधी यांच्या मतासाठी त्याच्या नमुन्यात वेगळा रकाना नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात या बंद अहवालाच्या जोडीला एक उघडी संस्था चालत आली, ती म्हणजे पंचायत समितीची वार्षिक आमसभा. तालुक्याच्या आमदाराच्या अध्यक्षतेखाली भरणाऱ्या या सभेत सरपंच व ग्रामस्थ खातेनिहाय प्रश्न विचारतात आणि अधिकाऱ्यास तेथल्या तेथे उत्तर द्यावे लागते. शिक्षणाचा विषय निघाला की गटशिक्षणाधिकारी उभा राहतो. दोन शिक्षकी शाळेला एकच शिक्षक का, वर्गखोलीचे छप्पर केव्हा दुरुस्त होणार, बदली झालेल्या गुरुजींच्या जागी कोण येणार, अशा प्रश्नांतून तालुक्याचे अनौपचारिक मूल्यमापन घडते. ते बहुधा गोंगाटाचे असते. त्यात गावकीची भांडणे मिसळतात. चांगल्या कामाचा उल्लेख क्वचितच होतो. तरीही अधिकाऱ्याच्या कामाविषयी अधिकारी व जनता यांनी समोरासमोर बोलण्याची ही जवळजवळ एकमेव जागा होय. तेथील बोलणे इतिवृत्तात जाते. अधिकाऱ्याच्या वार्षिक अहवालात ते पोहोचावे, अशी व्यवस्था मात्र केलेली नाही.

अन्य देशांतही हा पेच आहे. अमेरिकेत १८३७ मध्ये बफलो व लुइव्हिल या शहरांनी शाळांसाठी सुपरिंटेंडेंट नेमले. पुढे प्रत्येक शाळा-जिल्ह्याचे मंडळ त्याची नेमणूक व मूल्यमापन करू लागले. हे मंडळ बहुधा लोकनियुक्त असून त्याच्या सभा कायद्याने खुल्या असतात. तरी मूल्यमापनाची चर्चा बंद सभेत करण्याची मुभा अनेक राज्यांत आहे. इंग्लंडमध्ये राजनियुक्त तपासनिसांचे शाळांविषयीचे अहवाल १९८३ पर्यंत प्रसिद्ध होत नसत. भारतातील फरक असा की, येथे मूल्यमापन करणारा व ज्याचे मूल्यमापन होते तो, हे दोघेही एकाच सेवाव्यवस्थेतील असतात.

आकड्यांची कसोटी : व्यक्तिगत अहवाल बंद असल्यामुळे अधिकाऱ्याचे यश पट, उपस्थिती व निकाल यांच्या आकड्यांवरून अजमावण्याची प्रथा पडली. बारामती व इंदापूर येथे या कसोटीची मर्यादा चटकन दिसते. नीरा डाव्या कालव्यामुळे ऊस आला, माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मराठवाडा व अहमदनगर (आता अहिल्यानगर) भागांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे येऊ लागली. त्यांची मुले मूळ गावच्या पटावर असतात आणि प्रत्यक्षात इंदापूरच्या फडात. येथील अधिकाऱ्याच्या आकड्यांत ती नसतात. तिकडच्या अधिकाऱ्याच्या आकड्यांत ती हजर दिसू शकतात. दोन्हीकडचे कागद नीट असताना मूल मात्र शाळेबाहेर राहते. उजनी धरणाच्या जलाशयाखाली इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची गावे गेली, तेव्हा पुनर्वसित वसाहतींतही शाळा कागदावर आधी व जागेवर नंतर, असा क्रम घडू शकत होता.

आकड्यांचा फोलपणा राज्यभर उघड झाला तो ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या दिवसांत झालेल्या पटपडताळणीत. शिक्षण खात्याकडे न सोपविता महसूल यंत्रणेच्या नेतृत्वाखाली एकाच वेळी सर्व शाळांतील मुले मोजण्यात आली आणि पटावरील सुमारे वीस लाख विद्यार्थी अनुपस्थित आढळले. त्यांतील काही खरोखर गैरहजर असतील, हे मान्य केले तरी फरक प्रचंड होता. गुन्हे दाखल झाले ते मुख्यतः शाळा व संस्थाचालक यांवर. वास्तविक त्या प्रत्येक पटाखाली कोणा ना कोणा अधिकाऱ्याच्या तपासणीची सही होती. फुल्यांनी १८८२ मध्ये मागितलेली न कळविता तपासणी एकशे एकोणतीस वर्षांनी झाली तीही पूर्वघोषित दिवशी, आणि तिने तपासनिसांविषयीचा प्रश्न अनुत्तरितच ठेवला.

माहितीचा अधिकार : महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ चा असून त्यास २००३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा त्यामागे मोठा वाटा होता. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय अधिनियम अंमलात आला. त्यामुळे तालुक्यातील नागरिकास शाळांचे अनुदान, बांधकाम, रिक्त पदे व तपासणीचे अहवाल मागता येऊ लागले. अधिकाऱ्याच्या वार्षिक अहवालाविषयी न्यायालयांनी दोन भिन्न बाबी ठरविल्या. देव दत्त खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने, केवळ प्रतिकूलच नव्हे तर प्रत्येक नोंद संबंधित कर्मचाऱ्यास कळविली पाहिजे, असा निर्णय दिला. सुखदेव सिंग खटल्यात (२०१३) त्यास दुजोरा मिळाला. गिरीश रामचंद्र देशपांडे खटल्यात (३ ऑक्टोबर २०१२) मात्र, कर्मचाऱ्याची कामगिरी ही त्याची व मालकाची आपसातील बाब असून, व्यापक सार्वजनिक हित सिद्ध झाल्याखेरीज ती त्रयस्थास देता येणार नाही, असे ठरले. हा दुसरा खटला महाराष्ट्रातूनच, अकोला येथे काम केलेल्या एका केंद्रीय कर्मचाऱ्याविषयीच्या अर्जातून, उद्‌भवला होता. परिणामी अहवाल अधिकाऱ्यासाठी उघडला आणि जनतेसाठी मिटला. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने माहिती अधिकाराच्या कलम ८ मधील संबंधित खंड आणखी आवळला. सार्वजनिक हिताचा सर्वसाधारण अपवाद मात्र कलमात राहिला आहे.

या निर्णयांत अधिकाऱ्याच्या व्यक्तिगत प्रतिष्ठेचे जे रक्षण आहे ते अनाठायी नाही. शाळा मंडळांच्या काळातील गटबाजी आठवली म्हणजे त्याचे कारण समजते. परंतु अधिकाऱ्याविषयीचे मत आणि अधिकाऱ्याने केलेले काम या दोन वस्तू भिन्न आहेत. गटशिक्षणाधिकाऱ्याने वर्षात किती शाळांना, कोणत्या तारखांस, सूचना देऊन वा न देता भेटी दिल्या, शेरेबुकात काय लिहिले, पुढील भेटीपर्यंत त्यातील किती गोष्टी झाल्या, सेवानिवृत्त शिक्षकांची किती प्रकरणे किती दिवस प्रलंबित राहिली, ही त्याची खाजगी माहिती नव्हे. ती कलम ४ अन्वये आपण होऊन प्रसिद्ध करण्याजोगी आहे. शिक्षकांच्या बदल्यांबाबत असे घडले आहे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयानंतर जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकीय पद्धतीने होऊ लागल्या, ज्येष्ठतेच्या याद्या जाहीर झाल्या आणि जे काम पूर्वी बंद दालनात चाले त्याचा मोठा भाग सर्वांच्या समोर आला. ज्या यंत्रणेने शिक्षकांसाठी हे केले तिने अधिकाऱ्यांच्या दौऱ्याची दैनंदिनी उघड करण्यात तांत्रिक अडचण सांगणे कठीण आहे.

बालकांच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या अधिनियमाने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असण्याची तरतूद केली. तक्रारीचा निर्णय स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत द्यावा, असेही त्यात आहे. समितीची नजर शाळेच्या कुंपणापर्यंत पोहोचते. तालुक्याच्या कचेरीवर तिचा अधिकार नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जिल्ह्यांची कामगिरी ८३ निर्देशक व ६०० गुणांच्या आधारे मोजून तिची प्रतवारी २०२२ पासून प्रसिद्ध केली आहे. हे जिल्हा शिक्षण प्रशासनाचे बहुधा पहिलेच जाहीर प्रगतिपुस्तक होय. मात्र त्यात जिल्हा हा एकच घटक धरलेला असल्याने पुणे शहरालगतची शाळा आणि इंदापूरच्या जिरायत पट्ट्यातील वस्तीशाळा यांची सरासरी एकत्र पडते. दरम्यान मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत संपली व निवडणूक लांबल्याने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडेच प्रशासक म्हणून परिषदेचे व तिच्या समित्यांचे अधिकार आले. शिक्षण समितीचे लोकनियुक्त सदस्य राहिले नाहीत. १९६२ पासून ज्या सभेत शिक्षणाधिकाऱ्यास प्रश्न विचारले जात, ती त्या प्रशासकीय काळात भरली नाही, आणि त्याचा वार्षिक अहवाल लिहिणारा व त्याच्याविषयीची गाऱ्हाणी ऐकणारा अधिकारी एकच राहिला.